अप्पांचं बिनमिठाचं ताट

शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिन शोधताना मला मिठाची पुडी सापडली. वर्तमानपत्राच्या कागदात नीट बांधलेली, चिमटीचिमटीने उचलून निम्मी झालेली. मशीन अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या शिंपीकामाच्या दुकानातून ते निवृत्त झाले तेव्हा मशीनही त्यांच्याबरोबर विजयनगरच्या घरी आलं. अप्पांचे पाय सुजले, रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं, त्याला पुडी सापडली तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

मला राग आला. अप्पांचा नाही, स्वतःचा. ज्या माणसाने जन्मात गिऱ्हाइकाचं वीतभर कापड चोरलं नाही, त्याला मी स्वतःच्या घरात मीठ चोरायला लावलं होतं.

पुडी मी उचलली नाही. उचलली असती तर दुसरी आली असती. ती त्यांनीच सोडायला हवी, असं ठरवलं आणि त्यांच्या ताटाचं रांधणं माझ्याकडे घेतलं. बायको म्हणाली, तुम्हाला चहा धड येत नाही. खरंच येत नव्हता. अक्का, माझी थोरली बहीण, फोनवर म्हणाली, "लोणचं दे रे त्यांना सुम्ने, मुकाट्याने. या वयात जिभेला कशाला छळतोस?" मिठावाचून चव नाही, हे जो तो मला ठासून सांगत होता. ठासून सांगितलेल्या गोष्टीवर माझा लहानपणापासून विश्वास नाही.

पहिल्या आठवड्यात पुरती फजिती झाली. दगडफूल आणलं, मराठी मोग्गु आणले. मोग्गु म्हणजे लवंगेच्या थोरल्या भावासारखी दिसणारी सुकी कळी. नावात मराठी, पण पुण्याचे पाहुणे तिला ओळखत नाहीत. इथे ती बिसिबेळे भातापुरती बाहेर निघते आणि पुन्हा डब्यात जाते. मी दोन्ही एकदमच तेलात टाकलं आणि करपवलं. डाळ कडूजहर झाली. अप्पांनी एक घास घेऊन ताट सरकवलं.

"उप्पु घालू नका म्हणाले डॉक्टर," ते म्हणाले. "विष घाला म्हणाले नाहीत."

मग मी शिंप्यासारखा कामाला लागलो, एका वेळी एकच माप घेऊन. दगडफूल वाळक्या शेवाळासारखं दिसतं, म्हणून त्याला कुणी मान देत नाही. पण तूप गॅसवरून उतरवून मग त्यात चिमूटभर टाकलं, की साध्या तुरीच्या डाळीला लग्नघराचा वास येतो. शेपू म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांत मी पहिला होतो. तोच शेपू मूठभर चिरून कांद्याबरोबर तांदळाच्या रोटीत मळला, आणि रोटी गरम आहे तोवर मीठ आठवेना. आंबेहळद लोक मुका मार लागला की उगाळून लावतात. मी ती किसली, लिंबू पिळलं. कैरीचा वास आणि लिंबाचा आंबटपणा, लोणच्याची हौस भागायला तेवढं पुरतं.

आणि दोड्डपत्रे. ओव्याच्या वासाची ही जाड, लवदार पानं मैसुरात घरोघरी कुंडीत असतात आणि पोराला खोकला झाला तरच तोडली जातात. मी ती जिरं-मिरीबरोबर तुपात परतली, ओल्या खोबऱ्यात वाटली आणि ताकात कालवली. त्या दिवशी अक्का आली होती. वाटीत डोकावून म्हणाली, हे लेकरांचं औषध, जेवणात कशाला? मी तिला गप्प बस म्हटलं. थोरल्या बहिणीला असं बोललो त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. अप्पांनी ते भातावर ओतून घेतलं, भुरकलं आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली. आमच्या घरात कौतुकाची रीत एवढीच. जाताना अक्काने दोड्डपत्र्याची एक फांदी मोडून पिशवीत टाकली, मी पाहिलं नाही असं समजून.

ड्रॉवर मात्र मी उघडत नव्हतो. भीती वाटायची. पुडी संपलेली दिसली असती तर माझं सगळं रांधणं खोटं ठरलं असतं.

दसऱ्याच्या आधी पायांची सूज उतरली आणि नातीचा परकर शिवायला अप्पा मशीनवर बसले. म्हणाले, तेलाची कुपी दे. कुपी त्याच ड्रॉवरमध्ये होती. पुडीही होती. पावसाळ्याच्या ओलीने कागद पिवळा पडून चिकटला होता आणि आत मीठ दगडासारखं घट्ट बसलं होतं. तेवढंच, निम्मं. मी ती तळहातावर घेऊन उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

अप्पा सुईत दोरा ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ठेव तिथेच," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी तुझा हात बिघडला तर लागेल."

त्याला तीन वर्षं झाली. पुडी तिथेच आहे, आणि मी अजून हात बिघडू दिलेला नाही.