ॲग्नेस आत्या आणि दोह्यातलं बारसं

बारशाला सगळ्यांत आधी कोण आलं असेल? मुमताजभाभी? छे! ती दापोलीची, राहते भिंतीपलीकडे, पाळणाही तिचाच, तरी आली शेवटी. आधी दारात हजर झाली ती आफ्रिकेची पाहुणी, ॲग्नेस! सोबत तिच्या हाताखालची नर्स रूथ. आणि माझ्या केसांत अजून कंगवा!

थांबा, मुळापासून सांगते. मी चिपळूणची. सून पल्लवी बाळंत झाली म्हणून दोह्याला गेले. जाणाऱ्यांनो, डिंकाच्या लाडवांत खसखस घालू नका, तिकडे बंदी आहे. मी खोबरं वाढवलं, झकास झाले. मुलगा नीलेश तिथल्या अबू हमूर भागात राहतो, एका बंगल्याचे भाग पाडलेत त्यातल्या एकात. रस्ते असे गुळगुळीत की हातातला चहा हलत नाही, पण गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. मेट्रोतही बसले. दोन रियालांत थंडगार सैर!

नीलेशचं काम कार्यक्रमांतल्या माईक-दिव्यांचं. बारशाच्या आदल्या दिवशी म्हणाला, "आई, हॉटेलात सत्कार आहे. आफ्रिकेत बाळंतिणी नि तान्ही पोरं वाचवणाऱ्यांचा. येतेस?"

"मला इंग्रजी कुठे कळतं?"

"जेवण कळतं ना? यल्ला, चल!"

पल्लवीजवळ भाभीला बसवून गेले. तिथे ॲग्नेसचं नाव पुकारलं. मलावी नावाच्या देशातली सुईण. तिच्याकडे बायका कळा सुरू झाल्यावर दवाखान्याला चालत निघायच्या, कितीतरी वाटेतच दगावायच्या. हिने दवाखान्याशेजारी घर उभं केलं. दिवस भरत आले की तिथेच येऊन राहायचं. पण सासवा सुनांना सोडेनात! मग हिने सासवांसाठीही खाटा टाकल्या. नीलेश कानात सांगत होता. मी उठून टाळ्या वाजवल्या. सासू ओळखली हो हिने!

जेवताना नीलेशकरवी म्हटलं, उद्या आमच्याकडे बारसं, या. तान्हं बाळ म्हटल्यावर बाईचे डोळे चमकले. संध्याकाळी विमान, तरी हो म्हणाली.

आता आमची अडचण. नाव ठेवायचं आत्याने, आणि माझी मुलगी सुनीता, बाळाची आत्या, तिची रजा ऐनवेळी रद्द. पल्लवी म्हणे व्हिडिओ कॉलवर करू. मी म्हटलं, "फोन काय कानात कुर्र करणार?" मी रुसले, तीही रुसली. बाळ बिनानावाचंच राहणार असं वाटायला लागलं. तेवढ्यात ॲग्नेस दारात. पल्लवी हळूच म्हणाली, "आई, यांनाच आत्या करू या?"

सुनीताला फोन लावला. ती म्हणाली, "चालेल. पण धपाटे माझ्या वाटणीचेही घाला."

पल्लवीने ॲग्नेसला सगळं समजावलं. बाई सावकाश बोलली. पल्लवी सांगत गेली, "म्हणतायत, इतकी पोरं या हातांत आली. पुसून आईजवळ देते नि पुढच्या खाटेकडे पळते. कुणाचं नाव काय ठेवलं, कळतसुद्धा नाही."

मग ती पाळण्यावर वाकली. कुर्रर्र, राघव! आणि आम्ही बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

बाई हात वर करून उभी! चेहरा असा, की आपल्या हातून भलतंच काही झालं.

"काकी, धपाट्यांचं सांगितलंच नव्हतं?" भाभीने विचारलं.

खलास! गडबडीत सगळं सांगितलं, नेमकं तेच राहिलं. पल्लवीने हसत हसत उलगडा केला, तशी ॲग्नेस अशी हसली की पाळणा हलला. रूथने विचारलं, आणखी चालतात का? आणि साहेबिणीच्या पाठीत असा दणका दिला! अशी संधी कोण सोडतं? दोघी घुगऱ्या बांधून घेऊनच विमानतळावर गेल्या.

आता चिपळुणात आहे. खजूर शेजाऱ्यांनी संपवले, उंच इमारती मी विसरलेही. डोळ्यांपुढे येते ती पाळण्यावर वाकलेली बाई. सुनीता फोनवर कुरकुरते, "माझी जागा गेली वाटतं?"

"गेली नाही गं, शेजारी एक आली. रजा आत्ताच मागून ठेव."

कारण ॲग्नेस नि रूथ शब्द देऊन गेल्यात, राघवच्या पहिल्या वाढदिवसाला दोघी येणार.