इंजिनाचा काटा

"अण्णा, इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकणारे तुम्ही, आता हे मीटर कशाला?" इलेक्ट्रिशियन वायर जोडत हसला. बाबा हसले नाहीत. इंजिनाचे फेरे दाखवणारं ते जुनं गोल मीटर त्यांनी जुन्या बाजारातून शोधून आणलं होतं. आमचा म्हातारा ट्रक सुरू झाला, काटा थरथरत वर चढला आणि बाबांचा चेहरा सैलावला. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. हरवत चाललेल्या गोष्टीच्या जागी माणूस किती गुपचूप दुसरं काही बसवून घेतो! पण रस्त्यावरच्या प्रत्येक आवाजाला काटा कुठून आणायचा? मागून टेम्पोने दोनदा हॉर्न दिला. बाबांनी आरशातही पाहिलं नाही. मी केबिनमध्ये चढले आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, आधी कान दाखवून येऊ. तोवर गाडी काढू नका."