चर्चमागची बोडी आणि बेशरम

आमच्या चर्चच्या मागे एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसं तळं, खालच्या धानाला पाणी पुरवणारं. मी शिक्षिका म्हणून अर्जुनीला आले तेव्हा तिच्यात कमळं होती. निवृत्त झाले तोवर अर्ध्याहून जास्त बोडी बेशरमाने भरली होती. जांभळट फुलांच्या त्या झुडपाला इकडे सगळे याच नावाने ओळखतात. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि ते मरता मरत नाही.

एका रविवारी पाळकसाहेबांनी सृष्टीची काळजी घेण्यावर उपदेश केला आणि बोडी साफ करायचं ठरलं. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. त्यासाठी तीन सभा झाल्या. पहिलीत बॅनरचा रंग ठरला, दुसरीत टोप्या, तिसरीत चहा कशात द्यायचा यावर तासभर वाद. विळे कोण आणणार असं मी विचारलं तर "ते होऊन जाईल बाई" म्हणत सगळे प्रार्थनेला उभे राहिले.

ठरलेल्या दिवशी उपासना संपल्यावर मंडळी इस्त्रीच्या कपड्यांतच बोडीवर आली. विळे दोनच. पाण्यात कोणी उतरलं नाही. काठावरचं थोडं कापलं, पाळीवर म्हणजे बोडीच्या बांधावर फेकलं, फोटो काढले आणि सगळे जेवायला गेले.

पावसाळ्यात पाहते तर पाळीवर पडलेल्या कांड्यांना मुळं फुटलेली. जिथे बेशरम नव्हतं तिथेही ते उगवलं होतं! माझं डोकंच फिरलं.

तिथेच एक म्हातारी धिवरीण जाळं झटकत होती. तिच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या या बोडीत मासे धरत आलेली. ती हसली.

"कापून काय होते जी? उन्हाळ्यात पाणी उतरलं का मुळासकट उपटा लागते. अन् पाळीवर नाही टाकाचं, दूर खडकावर नेऊन वाळवाचं."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुमी कोठं इचारलं? तुमी त फोटो काढून राहिले होते."



पुढच्या सभेत मी तिचं म्हणणं सांगितलं. रेल्वेतून निवृत्त झालेले चर्चचे एक वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे एल्डर, म्हणाले, "इतना झंझट कायले? दवाई मारून देऊ, आठ दिवसांत साफ."

मी उभीच राहिले. "त्या पाण्यात मासे आहेत, खाली धान आहे, ढोरं तेच पाणी पितात. सृष्टीची काळजी म्हणून विष ओतायचं का?" आवाज चढला होता, हे मला नंतर कळलं. ते वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मे महिन्यात बोडी आटली. मी घरोघरी निरोप दिला. कोणाकडे लग्न, कोणाची कंबर धरलेली. आलो आम्ही सहा जणी. म्हातारी पुढे होऊन सब्बल, म्हणजे पहार, कुठे घालायची ते दाखवायची. मुळं अशी खोल की एकेका झुडपामागे दम निघायचा. मी दोनदा घसरून चिखलात बसले. तिसऱ्या सकाळी पाळकसाहेब पँट दुमडून एकटेच आले आणि उपसलेल्या कांड्या खडकावर वाहू लागले. तेव्हा माझा राग जरा निवळला.

उन्हं सोसेनाशी झाली तोवर अर्धी बोडी मोकळी झाली. पाऊस आल्यावर त्या अर्ध्या भागात कितीतरी वर्षांनी स्वच्छ पाणी दिसलं. म्हातारीने तिथे जाळं टाकलं.

वार्षिक सभेत अहवाल वाचायला उभे राहिले ते रेल्वेवाले वडीलच. "आम्ही बोडी साफ केली," त्यांनी वाचलं. सगळ्यांचे आभार झाले, टोप्या देणाऱ्याचेसुद्धा. म्हातारीचा उल्लेख नाही. मी मध्येच उठून तिच्याबद्दल सांगितलं, आणि विचारलं, "उरलेली अर्धी बोडी काढायला येत्या उन्हाळ्यात कोण कोण येतंय?"

पाळकसाहेबांनी हात वर केला. बाकी सगळे गीतपुस्तकाची पानं उलटू लागले.