साहेबांचं एक वाक्य

इथे आखातात आमच्या मराठी मंडळात शौर्यावर बोलायला दरवर्षी एकाच माणसाला बोलावतात. सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी, आता एका कंपनीत सुरक्षेचे प्रमुख, राहायला राजधानीजवळ, अल हैलला. त्यांचं ऐकून वाटावं, खंदकात राहणं म्हणजे सहलच. लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही.

माझा दादा याच साहेबांच्या हाताखाली सीमेवरच्या खंदकात होता. गोळे पडायचे, छतातून माती गळायची. एका हिवाळ्यात दादाचे हात थरथरायला लागले ते थांबेनात. साहेब सगळ्या जवानांसमोर म्हणाले, "नाटकं करतोस." तेवढं वाक्य घेऊन दादा घरी आला. मी त्याला इकडे, सहम गावात आणलं, माझ्या पाइपांच्या दुकानात बसवलं. पाइप पडला की तो काउंटरखाली जातो आणि वर येऊन मलाच सॉरी म्हणतो. स्वतःला भित्रा समजतो.

मी हमालीपासून वर आलोय, समोरच्याला खाली आणणं मला जमतं. दादाला गाडीत घातलं आणि साहेबांचं घर गाठलं. बोललेलं मागे घ्या, एवढंच मागायचं होतं.

साहेबांच्या बायकोने चहा आणून ठेवला. साहेब घेईपर्यंत दादा कपाला हात लावेना. आधी जवान, मग अधिकारी, ही पलटणीची रीत म्हणून साहेबही थांबले. चहावर साय धरली. साहेबांना रीत मात्र पक्की लक्षात होती.

मी विषय काढला.

"एकाला आजारी म्हणून खाली पाठवलं असतं तर सगळेच आजारी पडले असते," साहेब म्हणाले.

"बरोबर होतं, साहेब," ताठ बसलेला दादा म्हणाला.

"तू गप, दादा. सौदा माझा आहे."

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हे झोपतात कुठे, सांगू? स्टोअरमध्ये, खिडकी नाही तिथे. तांदळाच्या पोत्यांना टेकून."

साहेबांनी मान खाली घातली. दादाने हळूच विचारलं, "माती गळते, साहेब?"

"गळते."

मला दया आली नाही, संताप आला. तेच दुखणं अंगात घेऊन हा माणूस टाळ्या घेत फिरत होता.

दादा खाली गाडीकडे गेल्यावर साहेब दारात मला म्हणाले, "तो नाटक करत नव्हता. मला तेव्हाही कळत होतं. माझेही हात खिशातच असायचे."

"हे मला कशाला? त्याला सांगा."

"पुढच्या वेळी."

इतका हलका भाव मला आख्ख्या बातिना किनाऱ्यावर कोणी सांगितला नव्हता. मी चौकटीत पाय रोवून उभा राहिलो. शेवटी ते चपला घालून उतरले. दादा गाडीबाहेर येऊन सावधान उभा. साहेबांनी जमिनीकडे बघत तेच त्याला सांगितलं.

"जी साहेब," दादा म्हणाला, हुकूम घ्यावा तसा.

परतताना दादा म्हणाला, "साहेब फार वाळलेत रे. सहमची लिंबं पाठवू त्यांना."

"एक लिंबू जाणार नाही."

"तू नको देऊस. मी पाठवणार आहे."

खंदकातून आल्यापासून पहिल्यांदाच त्याने माझ्यावर आवाज चढवला होता. त्याचं श्रेयही त्या माणसाला द्यायला मी तयार नाही.