वहीतली बहीण

लढाईची वर्षं होती. मुरबाडच्या पुढे, घाटाच्या वाटेवरच्या वैशाखऱ्याच्या अलीकडे एका गावात मी मुलांना शिकवत होते. सातवीची फायनल पास झालेली, सतराव्या वर्षी विधवा झालेली, आणि तेव्हा वय असेल तेवीसच्या आसपास. पुण्याला ट्रेनिंगला पाठवायच्या शिक्षिकांची निवड ठाण्याच्या शाळा खात्याच्या कचेरीत होणार होती. सकाळी अकराला हजर राहा, उशिरा येणाऱ्यांचा विचार होणार नाही, असं पत्र आलं होतं. अकराला ठाण्यात पोचायचं तर मुरबाडहून पहाटे सुटणारी कल्याणची मोटार धरायलाच हवी. आणि ती धरायची तर आदली रात्र मुरबाडात काढायला हवी.

माझा भाऊ शहापूरहून येऊन संध्याकाळी मला मुरबाडला भेटणार होता. तसं त्याने स्वतःहून कळवलं होतं. मी सकाळी उजाडताच गावच्या बैलगाडीत बसले. दिवसभर रस्त्याची धूळ खात, दिवेलागणीच्या थोडं आधी मोटारीच्या अड्ड्यावर उतरले. गाडीवाला परत फिरला. भाऊ नव्हता. मी अर्धा तास उभी राहिले. मग कळलं की तो येणारच नाही. आपल्या बहिणीने पुण्याला जाऊन शिकावं हे त्याला कधीच पटलं नव्हतं. तोंडावर नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून येतो म्हणाला आणि आला नाही. पुढे विचारलं तेव्हा म्हणाला, भात झोडायचं होतं. भात काय एका दिवसात झोडून संपणार होतं? अजूनही ते उत्तर आठवलं की माझे कान तापतात.

मी आधी देवळाजवळच्या धर्मशाळेत गेले. जवळच्या म्हसा गावची जत्रा दोन दिवसांवर आली होती. धर्मशाळेच्या ओट्यावर घोंगड्यांचे ढीग, भांडीवाल्यांची पोती, दावणीला बैल, आणि आत पाय ठेवायला जागा नाही. सगळे पुरुष. एकाने मला बघून पाय आवरले, दुसऱ्याने तेही केलं नाही.

मोटारीच्या अड्ड्यासमोर एक खानावळ होती. वर माळ्यावर तीन खोल्या. बाहेर पाटी होती, ‘राहण्याची व जेवण्याची उत्तम सोय’. मालक पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. टेबलावर लांबट वही उघडून बसला होता. मी खोली मागितली.

“हाय एक रिकामी,” तो म्हणाला आणि टाक दौतीत बुडवला. “नाव सांगा.”

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शिक्षिका म्हणून सांगितलं. तो लिहीत गेला. मग टाक थांबला.

“संगती कोन?”

“कोणी नाही.”

त्याने चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं.

“असं नाय लिवता येत.”

“का नाही येत?”

“एकट्या बाईला खोली देत नाय आमी. सिद्धगडाकडं चळवळीतली मानसं मारली पोलिसांनी, तुमाला म्हायती असंल. फौजदार आठवड्याला वही बघतोय. एकटी बाई दिसली तर मला इचारंल, कोन बाई, कशाला आलीवती. मी काय सांगू?”

“पत्र आहे माझ्याकडे,” मी म्हटलं आणि पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरलं. “हे दाखवा. सरकारी शिक्का आहे.”

त्याने पत्राला हातही लावला नाही. “बाई, शिक्का कागदावर हाय. तुमच्या संगती मानूस कुठाय?”

मी समजावून सांगितलं. भाऊ येणार होता, आला नाही, हेही सांगितलं. ते सांगताना माझा आवाज विनवणीचा झाला, तो मलाच ऐकू आला, आणि मला स्वतःची किळस आली. चार वर्षं मी पन्नास पोरांचा वर्ग एकटी सांभाळत होते. शाळेच्या मागच्या खोलीत एकटी राहत होते. पावसाळ्यात ओढा चढला की आठ-आठ दिवस गावाबाहेरचं तोंड दिसत नसे. तेव्हा कोणी विचारलं नाही की संगती कोण. आणि इथे दिव्याच्या उजेडात, रस्त्याच्या कडेला, माणसांच्या गर्दीत, मी एकटी म्हणून चालत नव्हते.

“मग मी रात्रभर कुठे बसू? रस्त्यावर?”

“त्ये मी कसं सांगू,” तो म्हणाला आणि माझ्या नावावर रेघ ओढायला टाक पुढे केला.

ओसरीवर एक घोंगडीवाला बसला होता. घाटावरचा माणूस, चाळिशी उलटलेला, डोक्याला जुनं मुंडासं. जत्रेला माल घेऊन निघालेला. रात्री तिथेच ओसरीवर झोपायची जागा त्याने मालाजवळ आधीच धरली होती. तो सगळं ऐकत होता. तिथूनच म्हणाला, “मालक, माजी भैन म्हनून लिवा की. काय बिगडतंय?”

मालकाने त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या नावावर रेघ मारली, खाली त्याचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे लिहिलं, ‘व सोबत बहीण’, आणि वही मिटली. “वरची तिसरी खोली,” तो म्हणाला.

इतकंच. अर्धा तास मी खरं सांगत होते, कागद दाखवत होते, ते चालत नव्हतं. घाटावरचा एक अनोळखी माणूस एक वाक्य खोटं बोलला आणि ते चाललं. मालकाला ते खोटं आहे हे माहीत होतं. घोंगडीवाल्याला माहीत होतं. तिथे जेवत बसलेल्या दोघा-तिघांनाही माहीत होतं, कारण त्यातला एक गालात हसला. वहीत माझं नावसुद्धा उरलं नव्हतं. नुसती बहीण.

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. थंडी पडायला लागली होती, मोटार पहाटे होती, आणि मला पुण्याला जायचं होतं. मी पिशवी उचलली आणि जिना चढले.

मालकाची बायको कंदील घेऊन वर आली. रॉकेल जपून वापरायचे दिवस, तरी तिने वात जरा मोठी ठेवली. खोलीत एक सतरंजी, एक उशी, भिंतीला खुंटी. ती दारात थांबली.

“भाव नाय ना तो तुजा?” तिने हळूच विचारलं.

“नाही, काकू.”

“म्हायती हाय मला. मानूस बरा हाय तो, दर साली येतो. तरी कडी नीट लाव गो.” आणि जाता जाता म्हणाली, “आमचा ह्यो असाच हाय. माज्या मावशीला पन नाय दिली खोली.”

झोप लागली नाही. मी रागाने जागी होते. कोणावर, ते नीट सांगता येत नव्हतं. भावावर होताच. मालकावर होता. पण सगळ्यात विचित्र राग त्या घोंगडीवाल्यावर होता, ज्याने माझी सोय केली होती. त्याने मालकाला विचारलं. मला विचारलं नाही. मी समोर उभी होते, चार पावलांवर, आणि त्याने माझ्या वतीने मालकाशी बोलून मला आपली बहीण करून टाकलं. भलं केलं, हे खरं. पण भलं करतानाही कोणी माझ्याकडे मान वळवली नाही.

पहाटे कोंबड्याच्या आधी मोटारीची खटपट सुरू झाली. पेट्रोल मिळत नसे म्हणून तेव्हा मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. मागे बंबासारखं धूड बसवलेलं, त्यात कोळसा पेटवून तासभर भाता मारावा लागे. कोळशाचा वास खोलीत आला तशी मी उठले, तोंड धुतलं, पिशवी घेतली आणि खाली आले. मालक मागच्या बाजूला चुलीपाशी होता. टेबलावर वही होती, दौत होती, टाक होता, आणि वर टांगलेला दिवा मिणमिणत होता.

मी वही उघडली. ‘व सोबत बहीण’ यावर रेघ ओढली. वर माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं, ‘शिक्षिका, सोबत कोणी नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. फळ्यावर लिहिते तसं, मोठ्या अक्षरात. मला फार बरं वाटलं, तेही सांगते.

शाई वाळायच्या आत मालक चहाची किटली घेऊन आला. त्याने वाकून वाचलं.

“काय केलंस ह्ये?” रात्रीचं ‘तुमी’ गेलं, सकाळी ‘तू’ आलं. “सरकारी वही हाय ही! खाडाखोड करायला तुज्या शाळंची पाटी हाय काय?”

“खरं लिहिलं आहे,” मी म्हटलं.

“खरं! आता फौजदार इचारंल, ह्याची भैन कुठं गेली? मी काय सांगू?” तो ओसरीकडे वळला. “ए, उठ! तुजी भैन कुठाय रे? मला खोटं लिवायला लावतोस?”

घोंगडीवाला उठून बसला. डोळे चोळत वहीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण काय झालं ते कळलं.

“ताई, ह्ये काय केलंसा?”

“मी खोटं बोलले नव्हते,” मी म्हटलं.

“आवं, म्या तुमच्यापायी बोललो.”

मालकाने त्याचा एक गठ्ठा ओसरीवरून ओढला आणि रस्त्यावर टाकला. मग दुसरा. “चल, उचल माल! पुढच्या साली तोंड दाखवू नकोस!” मी पुढे होऊन म्हटलं, “त्यांचा काय दोष? लिहिलं तुम्ही, आणि तुम्हाला ठाऊक होतं.” मालक माझ्याशी बोललाच नाही. त्याचा सगळा राग त्या माणसावर, कारण तो परका होता, गरीब होता आणि उलट बोलत नव्हता. मी पडलेला गठ्ठा उचलायला वाकले, तर घोंगडीवाला म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. तुमची मोटार जाईल.”

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. एकदा, दोनदा. मी त्या गठ्ठ्याला हात लावून उभी होते. मग हात सोडला आणि मोटारीत जाऊन बसले.

कल्याणपर्यंत शेजारची बाई कुठली-कुठे विचारत होती, मी मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. अकराच्या आधी ठाण्यात पोचले. कचेरीत तीन साहेब बसले होते. एकाने गणित घातलं, एकाने एक उतारा वाचायला दिला. तिसऱ्याने विचारलं, “मुरबाडहून एकट्याच आलात?” मी हो म्हटलं. “वा! धीट आहात.” तिघेही कौतुकाने हसले. मला टेबल उलटवावंसं वाटलं. काल संध्याकाळी हेच एकटेपण कोणाला वहीत लिहिता येत नव्हतं, आणि आज त्याचं कौतुक. मी आभार मानले आणि बाहेर आले. निवड झाली. पुण्याला दोन वर्षं काढली.

ट्रेनिंग संपवून परत आले त्या हिवाळ्यात मी मुद्दाम म्हशाच्या जत्रेला गेले. बरोबर शाळेतली एक शिक्षिका होती, तिला काही सांगितलं नव्हतं. घोंगड्यांची रांग लांबलचक. बैलबाजाराच्या बाजूच्या टोकाला तो दिसला. मुंडासं तेच वाटलं. मी समोर उभी राहिले तर तो गिऱ्हाईक समजून घोंगडी उलगडू लागला. मी मुरबाडचं नाव काढलं तेव्हा त्याचा हात थांबला.

“तुमी व्हय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, तुम्हाला त्रास झाला, मला फार वाईट वाटलं.

“तरास म्हंजी? आपल्यावर येऊ नये म्हनून त्या दिशी मालकानंच पोलिसाला बोलावून आनलं. दोपारपातूर चौकीत बसवून ठिवलं मला. कोन बाई, कुठली, वळख कशी. मालावर ध्यान द्याया कुनी न्हवतं, त्येवढ्यात सात घोंगडी चोरीला गेली.” तो हे तक्रारीने सांगत नव्हता, पण विसरलाही नव्हता. “तुमी खोडलं नसतं, तर कुनी इचारलंच नसतं बगा. तुमी शिकल्याल्या. तुमास्नी खरं परवडतंय.”

सात घोंगड्यांचं ऐकून मला शरम वाटली होती. त्याचं हे शेवटचं वाक्य मात्र मला झोंबलं. मी क्षमा मागायला आले होते, तरी तोंडातून निघून गेलं, “तुम्ही मला विचारलं नव्हतं. तुमची बहीण करायच्या आधी एकदा माझ्याकडे बघून विचारायचं होतं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. असं काही कोणी त्याला म्हणेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसावं. मग त्याने हळूहळू मान हलवली. “व्हय,” तो म्हणाला. “त्ये ऱ्हायलं खरं.” तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, आणि तो त्यांना लोकरीचा पोत दाखवायला वळला.

माझ्या सोबतिणीने विचारलं, कोण होता तो, भांडलीस का? आम्ही बैलबाजारातून चालत राहिलो. माझ्या मनात मालकाच्या तोंडावर फेकायची वाक्यं तयार होत होती, दोन वर्षं उशिरा, एकाहून एक जळजळीत. त्या घोंगडीवाल्याला सांगायचं मात्र एकही सापडत नव्हतं.