मला धरून एक्केचाळीस

त्या दिवशी मामा साडेअकराला घरी आले ते शिट्टी वाजवतच. मामी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. शिट्टी कानावर पडली तशी ती समजली, गडी काम फत्ते करून आलाय.

"आला का धाकटा वठणीवर?" तिनं आतूनच विचारलं.

"येतो म्हणाला. पण थोरल्याच्या शेजारी बसणार नाही म्हणाला."

"मग मांडीवर बस म्हणावं."

मामा खो खो हसले. बाहेरच्या पायरीवर टेकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. "चाळीस झाले बघ. मला धरून एक्केचाळीस. चहा टाक, आणि आज साखर बघून टाकू नकोस."

साखर डॉक्टरनं बंद केली होती. पण मामीनं त्या दिवशी अर्धा चमचा टाकली. माणूस वर्षभर राबला होता, म्हटलं होऊ दे. कप घेऊन बाहेर आली तर एक बूट निघाला होता, दुसऱ्याची नाडी हातात होती, आणि मामा भिंतीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर हसू तसंच.

"गार होतोय," ती म्हणाली. मग परत म्हणाली. तिसऱ्यांदा तिच्यानं म्हणवलं नाही.

आता एक्केचाळीस म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या मामांची भाजीपाला पिकवणाऱ्यांची संघटना. दोन खोल्या, एक बियाणाचं गोदाम, शेत नांगरायचं एक टिलर यंत्र आणि ऐंशी सभासद. म्हणजे ऐंशी कागदावर. वर्षाची सभा भरली की खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. एका वर्षी अकरा जण आले, त्यातले दोघं पावसाला आडोसा म्हणून. सरकारी नियम असा की निम्म्याहून जास्त सभासद हजर नसतील तर सभा धरत नाहीत. लागोपाठ दोन वर्षं सभा फसली. तपासणीला येणाऱ्या बाईंनी सांगून टाकलं, तिसऱ्यांदा असं झालं तर कुलूप लागेल, गोदाम आणि टिलर शहरातल्या मोठ्या संघटनेकडे जाईल.

तेव्हा सेक्रेटरी व्हायला कुणी तयार होईना. मामा झाले. मामीनं कपाळावर हात मारला. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!"

मामांनी आधी सगळं चुकीचंच केलं. पाट्या लावल्या, चिठ्ठ्या वाटल्या, 'सभेला यावे' म्हणून. कोण येतंय! मग एक दिवस टोमॅटोवर करपा पडला म्हणून ते नर्सरीवालीकडे विचारायला गेले. ही बाई सहा वर्षं सभेकडे फिरकली नव्हती. तिनं दोन तास समजावलं, वर रोपं दाखवली, आणि निघताना स्वतःहून म्हणाली, "तुमची सभा कधी असते हो?" मामा घरी येऊन मामीला म्हणाले, "माणसाला बोलावलं की त्याला कामं आठवतात. त्याला काही विचारलं की वेळ सापडतो."

तेव्हापासून त्यांनी कुणाला सभेचं नावच काढलं नाही. ज्याच्या दारात जायचे त्याला काहीतरी विचारायचे. मिरची कशी वाळवता, पाणी कधी देता. मामी चिडवायची, "पन्नास वर्षं शेती केलेला माणूस, आणि दारोदार विचारत फिरतोय कोथिंबीर कशी लावायची. लोक म्हणतील म्हातारा चळला." मामा म्हणायचे, "म्हणू दे. म्हणायला तरी एकत्र येतील."

आणि मग टिलरची गोष्ट. आधी संघटनेचा ड्रायव्हर टिलर घरोघर पोचवायचा. मामांनी ते बंद केलं. नवा नियम काढला. ज्याची पाळी संपली त्यानं यंत्र स्वतः पुढच्याच्या शेतात न्यायचं आणि अर्धा तास बरोबर चालवून द्यायचं, मगच पाळी सुटली. लोकांनी बोंब मारली. पण त्या निमित्तानं एकमेकांच्या बांधावर कधी न गेलेली माणसं गेली, पाणी पिऊन आली, एकमेकांची वांगी बघून जळून आली.

पाळ्यांची यादी मामा स्वतः आपल्या वहीत करायचे. त्यात थोरल्याच्या खाली धाकट्याचं नाव घातलं. दोघं सख्खे भाऊ, बांधावरच्या एका झाडावरून अकरा वर्षं बोलत नव्हते. मामी म्हणाली, "आगीत हात घालताय." मामा म्हणाले, "यादीला काय कळतंय कोण कुणाचा भाऊ."

थोरल्यानं टिलर धाकट्याच्या फाटकाशी सोडला आणि चालता झाला. मामा फाटकाशी आधीच उभे. "अर्धा तास, नियम म्हणजे नियम." मग काय, दोघांनी मुक्यानं यंत्र चालवलं. हातवारे, माना. वीस मिनिटांनी पट्टा घसरला आणि धाकट्यानं हात पुढे केला. थोरला ओरडला, "हात काढ गाढवा, बोटं जातील!" अकरा वर्षांनी पहिला शब्द निघाला तो गाढवा. मामा हे सांगताना डोळे पुसायचे हसून हसून.

संघटनेचा लेखनिक एकदा म्हणाला होता, "मामा, कशाला जिवाला त्रास? जे येत नाहीत त्यांची नावं कापा. ऐंशीचे पन्नास करा. सव्वीस आले की झालं." मामांना एवढं चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "नाव कापणं सोपं असतं रे. जोडायला किती जोडे झिजतात ते माझ्या चांभाराला विचार." एक नाव कापू दिलं नाही.

आणि सभा पाच दिवसांवर असताना माणूस गेला.

अध्यक्ष घरी आले, मान खाली घालून. "वहिनी, सभा पुढे ढकलू म्हणतो."

"मग परत चाळीस दारं कोण फिरणार? तुम्ही?"

अध्यक्ष उठून चपला शोधायला लागले.

"ठरलेल्या दिवशीच घ्या. मी येते त्यांची वही घेऊन."

मामी मागच्या रांगेत बसली, ती काही सभासद नव्हती. तपासणीच्या बाई दाराशी टेबल टाकून सह्या घेत होत्या. वीस झाले, तीस झाले. नर्सरीवाली आपल्या दोघी शेजारणींना घेऊन आली. अडतीसवर येऊन थांबलं. घड्याळ पुढे चाललं. मग बाहेर एक मोटारसायकल थांबली. थोरला पुढे, धाकटा मागे. आत आले आणि खोलीच्या दोन टोकांना जाऊन बसले. चाळीस.

एक्केचाळिसावा कोण ते सगळ्यांना माहीत होतं. कुणी कुणाकडे बघेना.

लेखनिक हळूच म्हणाला, "मामांची सही मी करतो. त्यांचीच तर सभा आहे."

"खबरदार!" मामी मागून म्हणाली. "हे सगळं त्यांनी खरं उभं केलं. आता शेवटचं एक खोटं घालू नका."

बाईंनी चष्मा काढला. "मामा म्हणजे कोण? सेक्रेटरी? ते गेले?"

"पाच दिवस झाले."

बाईंनी यादी पुढे ओढली. वारलेल्या सभासदाचं नाव त्याच दिवसापासून कमी होतं, म्हणाल्या. पट्टी धरून एक रेघ मारली. "एकूण एकोणऐंशी. निम्म्याहून जास्त म्हणजे चाळीस. सभा सुरू करा."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग मिरचीवाला म्हातारा मोठ्यानं हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवून मामीकडे बघायला लागला.

"हसा हो," मामी म्हणाली. "जन्मात कुणाचं नाव कापू दिलं नाही. शेवटी कापलं ते स्वतःचं."

मग सभा चालली, आणि काय चालली! गोदामावर पत्रा घालायचा की कौल, यावरून तासभर जुंपली. इतकी माणसं एका खोलीत भांडायला तीन वर्षांत पहिल्यांदा जमली होती. धाकटा एका टोकाहून पत्रा म्हणायचा, की थोरला दुसऱ्या टोकाहून कौल. नर्सरीवाली टेबलावर हात आपटून उभी राहिली आणि तिथेच थांबली.

मामीला झोप लागली होती. वही मांडीवर, मान एका बाजूला. पाच दिवसांत डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा.

नर्सरीवालीनं ओठावर बोट ठेवलं. पंखा मामीच्या बाजूला फिरवला. आणि मग चाळीस जणांनी उरलेलं भांडण कुजबुजत पुरं केलं.