‘आचारी पाहिजे’ पाटीखालची भिमाबाई

मेहकरहून लोणारला जाणाऱ्या रस्त्यावर ‘रानवारा’ नावाचं हॉटेल आहे. त्याच्या फाटकाच्या कमानीवर अकरा वर्षं एक पत्र्याची पाटी लटकत होती. ‘आचारी पाहिजे.’ उन्हापावसानं तिचा निळा रंग उडाला, एका बाजूचा खिळा निघाला, पण पाटी काही उतरली नाही. आणि त्याच पाटीखालून भिमाबाई रोज सकाळी आठ वाजता मान वाकवून आत जायची आणि पातोडीसाठी बेसन चाळायला बसायची.

आता बघा. ज्या हॉटेलातला पातोडीचा रस्सा खायला लोक वाट वाकडी करून येतात, तो रस्सा करणारी बाई रोज पाटीखालून आत जाते, आणि मालक जगाला सांगत बसतो की आचारी मिळत नाही. हे ऐकून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जात नाही, त्यानं पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

भिमाबाई आली होती भांडी घासायला. नवरा दयाराम बाजार समितीत हमाली करायचा. एकदा पोतं उचलताना त्याची पाठ गेली ती गेलीच. मग भिमाबाईनं पदर खोचला आणि ‘रानवारा’च्या मोरीवर येऊन बसली. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढं ‘मदतनीस, भांडी’ असं लिहिलं गेलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई, तिनं ते वाचलं, त्यात काही खोटं नव्हतं. तेव्हा नव्हतं.

पहिल्याच वर्षी तेव्हाचा आचारी कुणाला न सांगता निघून गेला. बाहेर दोन गाड्या भरून माणसं बसलेली, आणि आत चुलीपाशी कुणी नाही. मालक शेखरभाऊ नुसते आत-बाहेर करत होते. भिमाबाईनं राखेचे हात धुतले आणि माहेरी उंद्रीला आई करायची तशी पातोडी केली. बेसन घोटायचं ते कढईच्या कडा सोडून गोळा होईस्तोवर. तेलाच्या हातानं ताटावर थापायचं, वर खोबरं-खसखस. आणि वड्या रश्शात सोडायच्या त्या रस्सा खाली उतरवून, त्याची उकळी बसल्यावरच. गिऱ्हाइकांनी बोटं चाटली. एकानं विचारलं, “कोणी बनवलं बुवा हे?” शेखरभाऊ म्हणाले, “आचारी हाये आपला. जरा बाहीर गेला.”

त्या दिवसापासून पातोडी तिची झाली आणि नाव आचाऱ्याचं. अकरा वर्षांत सात आचारी आले. प्रत्येकाला पातोडी शिकवली कुणी? भिमाबाईनं. शिकून झालं की तो वर्षा-दीड वर्षात पुण्याला नाहीतर संभाजीनगरला मोठ्या हॉटेलात जायचा, आणि शेखरभाऊ कपाळाला हात लावून म्हणायचे, “माणसंच मिळत नाहीत. मिळाली तर त्याईले काही येत नाही.” जिच्याकडं सगळे शिकून गेले ती मोरीवर बसून हे ऐकायची.

का बरं तिला आचारी म्हणायचं नाही? शेखरभाऊ कधी जातीचं नाव तोंडातून काढायचे नाहीत, ते शिकलेले. ते इतकंच म्हणायचे, “मावशी, आपल्याकडं सगळ्या प्रकारचं गिऱ्हाईक येते. तुम्ही बाहीर नका येऊ.” भिमाबाईचं घर बुद्धविहाराच्या मागं आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक. तिच्या हातचं खायला कुणाची ना नव्हती, फक्त ते तिच्या हातचं आहे हे कळू द्यायचं नव्हतं. वरून ‘तुम्ही आमच्या घरच्यासारख्या’ हे होतंच. घरच्यासारखी! घरच्या माणसाला कुणी पडद्याआड उभं करतं का?

आणि ‘मावशी’ तरी कधी, काम अडलं की. एरवी नुसतं, “ओ बाई.”

सातवा आचारी इंद्रभान, चिखलीकडचा. भिमाबाईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण तिला अगंतुगं करायचा. डोक्यावर पांढरी टोपी, कानाला मोबाईल. तो फोडणी द्यायचा, पनीर करायचा, आणि गर्दी वाढली की मागच्या दारात जाऊन फोनवर बोलत उभा राहायचा. “भिमाबाई, पाह्यजो थोडं,” म्हणायचा. तो थोडं म्हणायचा आणि ते असायचं सगळंच.

मागच्या साली शेखरभाऊ बुलढाण्याला हॉटेलवाल्यांच्या बैठकीला गेले. तिथं दिवसभर एकच रडगाणं झालं, कुशल माणूस मिळत नाही. तिथूनच त्यांनी एका कंपनीचं यंत्र आणलं. स्वयंपाकघरात भिंतीवर एक स्क्रीन. वेटरनं मोबाईलवर ऑर्डर टाकली की ती इथं दिसायची आणि स्क्रीन ती मराठीत बोलायचासुद्धा, “टेबल चार, दोन पातोडी, सहा भाकरी.” उशीर झाला की ओळ लाल व्हायची. आणि खाली फोटो. ज्यानं पदार्थ केला त्यानं ताट खिडकीत ठेवताना आपल्या फोटोवर बोट दाबायचं.

बसवायला सुचिता नावाची मुलगी आली होती. तिनं इंद्रभानचा फोटो काढला आणि भिमाबाईकडं मोबाईल वळवला.

“तिचा कायले?” शेखरभाऊ म्हणाले. “थे मदतनीस हाये.”

“चुलीपाशी उभं राहणाऱ्या प्रत्येकाचा लागतो, सर. त्याशिवाय सुरूच होत नाही,” सुचिता म्हणाली. “काकू, इकडं बघा.”

भिमाबाईनं पदर सारखा केला. ‘रानवारा’त तिचा फोटो कुणी काढायची ती पहिलीच वेळ.

खरं सांगायचं तर भिमाबाईला ते यंत्र आवडलं. पूर्वी चार वेटर चार बाजूंनी ओरडायचे, कोणाचं आधी नि कोणाचं नंतर याचा पत्ता नसायचा. आता आधीची ऑर्डर वर, नंतरची खाली. चार माणसांचं काम दोघांत निभायला लागलं. शिवाय ते यंत्र कुणाला ‘ओ बाई’ म्हणत नव्हतं.

इंद्रभानला मात्र ते नकोसं झालं. “बटनं दाबाचं काम आचाऱ्याचं हाये काय बे?” तो वेटरला म्हणाला. स्वयंपाकघरात हलकं काम वरून खाली सरकत शेवटी मोरीपाशी येऊन थांबतं. भांडी तशी आली, खरकटं तसं आलं, तसंच हेही आलं.

“भिमाबाई, आजपासून तू दाबत जाय.”

“कोनाच्या फोटोवर दाबू?”

“तुह्याच. माह्या फोटोले तेलाचे हात लावू नको.”

भिमाबाईनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. फोटोलासुद्धा हात लागू द्यायचा नाही! पण बाई सरळ. त्यानं केलेलं ताट त्याच्या हातून खिडकीत जायचं तेव्हा ती काही दाबायची नाही, तुझं तू बघ म्हणून. तिनं जे रांधलं तेवढ्यावरच तिचं तेलकट बोट पडायचं.

तीन महिने असे गेले. मग इंद्रभाननं शेखरभाऊंना सांगितलं, मले पुण्याहून बोलावणं हाये. शेखरभाऊ घाबरले. आठवा आचारी आणायचा कुठून? त्यांनी इंद्रभानला थोपवून धरायला त्याचा टोपी घातलेला मोठा फोटो करून आणला, खाली अक्षरं, ‘आमचे मुख्य आचारी’. तो गल्ल्याच्या मागं लावायचा ठरला. आणि त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी सुचिता यंत्राचा अहवाल दाखवायला आली.

“सर, तुम्ही म्हणता कुशल माणूस नाही,” ती लॅपटॉप त्यांच्याकडं वळवत म्हणाली. “पण हे बघा. दहा ताटांतली आठ-नऊ या काकूंची आहेत. परत आलेलं ताट एकही नाही. आणि वेळसुद्धा सगळ्यात कमी.”

शेखरभाऊंनी पाहिलं. मग ते हसले. मोठ्यानं हसले.

“अहो मॅडम, तिनं नुसतं बटन दाबलं. बनवलं इंद्रभाननं.”

“मीच सांगतलं होतं तिले दाबाले,” इंद्रभान म्हणाला. त्यानं डोळेसुद्धा खाली घातले नाहीत.

सुचितानं आतल्या दाराकडं पाहिलं. भिमाबाई तिथंच उभी होती, हातात पोछा. “काकू, तुम्ही सांगा ना.”

भिमाबाई शेखरभाऊंकडं बघत राहिली. इथं उभा असलेला हा एकच माणूस होता ज्याला अकरा वर्षं सगळं माहीत होतं. त्या पहिल्या दिवशी तो स्वतः त्या चुलीपाशी होता. त्यानं नुसतं ‘हाव’ म्हणायचं होतं.

“मावशी, तुमचं काम बटन दाबाचं,” शेखरभाऊ गोड आवाजात म्हणाले. “मनावर नका घेऊ. तुम्ही घरच्यासारख्या.”

कुणी तोंडात मारल्यासारखं झालं तिला. घरी जाताना ती पाटीखालून गेली, तर त्या दिवशी पाटीची मोकळी कड डोक्याला लागली. दयारामनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, “काई नाई. उद्यापासून मी बटन दाबीन.”

दुसऱ्या दिवशी रविवार. लोणारचं सरोवर पाहून परतणाऱ्या गाड्या साडेअकरापासून लागल्या. स्क्रीन बोलायला लागला, “टेबल एक, तीन पातोडी. टेबल पाच, चार पातोडी, दहा भाकरी.” इंद्रभान मागच्या दारात फोनवर होता. भिमाबाई मोरीवर कढई घासत होती. ती घासत राहिली.

पहिली ओळ लाल झाली. मग दुसरी. इंद्रभान धावत आत आला.

“ओ बाई! पातोडी कुठी हाये?”

“मले काय मालूम? मी भांडीवाली.”

त्यानं घाईघाईत बेसन घोटलं, ते गाठाळलं. दुसऱ्यांदा घोटलं, थापलं, वड्या पाडल्या आणि रटरटत्या रश्शात सोडल्या. दोन मिनिटांत वड्यांचं पिठलं झालं.

“भिमाबाई, हे फुटून काऊन राह्यलं बे?”

काऊन ते तिला चांगलं ठाऊक होतं. त्यालाही तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पण तेव्हा साहेब फोनवर होते. तिनं नळ सोडला आणि पातेलं विसळलं. आतून तिचं काळीज तुटत होतं, ते खोटं कशाला सांगू. बाहेर लेकरं भुकेली बसली होती आणि तिच्या हातांना सवय होती. हात आपोआप बेसनाच्या डब्याकडं जायचे आणि ती ते पुन्हा राखेत घालायची.

बारा वाजेपर्यंत सगळा स्क्रीन लाल झाला. दोन टेबलं उठून गेली. शेखरभाऊ आत आले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती.

“मावशी, काय चाललं हे?”

“मी तयार हाओ ना भाऊ,” भिमाबाई उठून स्क्रीनपाशी उभी राहिली. कोरडं केलेलं बोट तिनं पुढं धरलं. “ताट येऊ द्या. आलं की दाबतोच.”

शेखरभाऊ इंद्रभानकडं बघायला लागले. इंद्रभान पातेल्यातलं पिठलं हलवत होता. स्क्रीन बोलला, “टेबल पाच, चार पातोडी. उशीर झाला आहे.”

“चुकलं माहं,” शेखरभाऊ हळू आवाजात म्हणाले. इतका हळू, की बाहेर जाऊ नये. “मावशी, आता करा. काय पाह्यजे थे सांगा, मंग पाहू.”

“मंग नाई. आत्ता.” तिचा आवाज चढला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. “थे पाटी काढा फाटकावरची. मी रोज तिच्याखालून येतो, भाऊ. रोज वाचतो. सात जणाईले मी शिकवलं आन् तुमाले आचारी पाह्यजे! काऊन? माह्या हातचं गोड लागते, मंग माहं नाव काऊन कडू लागते तुमाले?”

“काढतो. संध्याकाळी काढतो.”

“आत्ता काढा. सगळे बसले हायेत तवाच. तुमी सोता. पाटी खाली आलेली दिसली की कढई चढवीन.”

आणि ती येऊन बाहेरच्या दारात उभी राहिली. जिथं अकरा वर्षं यायचं नव्हतं, तिथं. पदराला हात पुसत, सगळ्या प्रकारच्या गिऱ्हाइकांसमोर.

शेखरभाऊंनी स्टूल उचललं. मालक भर दुपारी स्टूल घेऊन फाटकाकडं निघालेला पाहून लोकांनी माना वळवल्या. एक खिळा गेलेलाच होता. दुसरा गंजला होता, तो पकडीनं ओढावा लागला. पाटी खाली आली तेव्हा कमानीवर तिच्या आकाराचा कोरा चौकोन राहिला.

तेवढ्यात फाटकातून एक नेहमीचं गिऱ्हाईक आत आलं, मेहकरचे मोतीराम गुरुजी. ते हसून म्हणाले, “काय शेखरभाऊ, मिळाला वाटते आचारी शेवटी?”

शेखरभाऊ स्टुलावर तसेच उभे. हातात पाटी. त्यांनी दाराकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

“हाव,” ते म्हणाले. मग घसा खाकरून जरा मोठ्यानं म्हणाले, “हे भिमाबाई. मिळाल्या.”

“मिळाली नका म्हनू, भाऊ,” भिमाबाई दारातून म्हणाली. “होतीच म्हना.”

ती आत वळली, हात धुतले आणि कढई चढवली. अर्ध्या तासानं सात ताटं खिडकीत लागली. प्रत्येक ताटासोबत तिनं आपल्या फोटोवर बोट दाबलं, तेलाच्याच हातानं.